पंधराशे घेतले, आता मत कुणाला?

विधानसभेच्या २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या तोंडावर हे पत्र आलंय, ते थोडं कापून देतेय.

"नमस्कार ताई, मी लातूरला राहते, वय ४४. मिस्टर एका खाजगी कंपनीत अकाउंटला आहेत, मुलगा बीएस्सी होऊन भरतीची तयारी करतोय. गावाकडं औसा तालुक्यात पाच एकर आहे ते दीर बघतात. २० तारखेला मतदान आणि घरात रोज भांडण. मिस्टर म्हणतात देश कुठल्या कुठं चाललाय, जीडीपी बघ. दीर म्हणतात सोयाबीन ४१०० नी घालावं लागलं, आता दाखवतोच ह्यांना. मुलगा म्हणतो सगळे सारखेच, मी नोटा, म्हणजे "यांपैकी कुणीच नाही"चं बटण, दाबणार. आणि माझ्या खात्यात लाडक्या बहिणीचे ७५०० आलेत, त्यातून मी मिक्सर घेतला आणि मुलाच्या क्लासची थोडी फी भरली. अर्ज भरायला मदत करणारी गल्लीतली एक बाई परवा येऊन म्हणाली, खाल्ल्या मिठाला जागा बरं का, नाहीतर बंद होतील. मला तेलाचा डबा आणि भाजी बघून सरकारचा राग येतो, पण पैसे घेतलेत हेही डोक्यातून जात नाही. विरोधात मत दिलं तर बेईमानी होईल का? आणि देशाचं चांगलं चाललंय का वाईट हेच मला कळेना झालंय, आमच्या एका घरात चार उत्तरं आहेत. ता.क. मी आणि मिस्टरांनी वेगवेगळं मत दिलं तर दोन्ही कॅन्सल होतात ना? मग जायचंच कशाला असं ते म्हणतात. – एक लाडकी(?) बहीण, लातूर"

ताई, आधी मिठाचं बघू, कारण खरी टोचणी तुम्हाला तिथंच आहे, सोयाबीन आणि जीडीपी नंतर.

मीठ खाल्लं ते कुणाचं, हे आधी ठरवायला नको का? ही महिन्याला पंधराशेची लाडकी बहीण योजना २८ जूनला अजित पवारांनी विधानसभेत जे बजेट मांडलं त्यात आली, वर्षाला ४६ हजार कोटी खर्च धरलाय. ते काही कुठल्या पक्षाच्या फंडातले नाहीत, कुणा नेत्याने घरचं सोनं मोडून दिलेले नाहीत, राज्याच्या तिजोरीतले आहेत, आणि तिजोरीत तुम्ही पण टाकताच की. तुम्ही म्हणाल आम्ही कुठं टॅक्स भरतो, इन्कम टॅक्सच्या स्लॅबमध्ये तर बसत नाही. अहो साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल, सगळ्यावर २०२४ मध्ये १८ टक्के जीएसटी होता, खायच्या तेलावर ५ टक्के, मिस्टरांच्या गाडीत पेट्रोल टाकलं की राज्याचा व्हॅट वेगळा. तुमच्या मिक्सरचंच घ्या ना, तीन हजारांचा असेल तर त्यात साडेचारशेच्या आसपास नुसता जीएसटी गेला, अर्धा केंद्राला अर्धा राज्याला. म्हणजे बहिणीने ओवाळणीतले थोडे पैसे दुकानाच्या काउंटरवरच परत केले.

तर मिंधेपणा नको. पण दुसरी बाजूही सांगते. सोशल मीडियावर जे लोक म्हणतात ना, बायका पंधराशेला विकल्या गेल्या, त्यांचं मला जास्त डोक्यात जातं. हीच माणसं पगारावर टॅक्स सवलत मिळाली की सरकार किती छान म्हणतात, कंपनीला सबसिडी मिळाली तर ती पॉलिसी, आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात पंधराशे आले तर ती लाच. ज्या बाईला स्वतःसाठी शंभर रुपये खर्च करायचे तरी कुणाला तरी विचारायला लागायचं तिला त्या पैशाची किंमत काय आहे हे ट्रोल करणाऱ्यांना कळणार नाही. तुम्हाला योजना आवडली असेल, ती चालू राहावी वाटत असेल आणि म्हणून तुम्ही सरकारला मत दिलंत तर त्यात लाजायचं काही नाही, धोरण पटलं म्हणून मत दिलं, झालं. पण "घेतलेत म्हणून द्यायलाच पाहिजे" हे नको, तेवढा एक फरक धरून ठेवा.

आता त्या गल्लीतल्या बाईंचं. मत कुणाला दिलं हे कुणालाही कळत नाही. बटण दाबल्यावर मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हाला, मग ती आतल्या डब्यात पडते. नंतर बूथवार आकडे जाहीर होतात हे खरंय, म्हणजे तुमच्या शाळेच्या बूथवर कुणाला किती पडली हे पुढाऱ्यांना कळतं, पण त्यात तुमचं एक कुठलं हे कुणाच्या बापाला कळत नाही. योजनेच्या अटी कुठल्या, तर वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, असल्या. मतदान कुणाला केलं ही अट नाहीये. कोल्हापुरातल्या एका सभेत मागच्या आठवड्यात एका खासदार महाशयांनी, पंधराशे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर फोटो काढून द्या, अशा अर्थाचं बोलून दाखवलं, मग गदारोळ झाला आणि माफी मागायला लागली. मत दिलं नाहीस तर लाभ बंद करू असं धमकावणं हा निवडणुकीच्या कायद्यात गैरप्रकार आहे, निवडणूक आयोगाच्या सीव्हिजिल नावाच्या ॲपवर तक्रार करता येते. अर्थात शेजारणीची तक्रार करा असं मी नाही म्हणत, तिलाही वरून कुणीतरी तेच पढवलं असणार. हो हो म्हणा, चहा पाजा, पाठवून द्या.

हां, बंद होऊ शकते का म्हणाल तर निकष तपासणं कुठलंही सरकार आलं तरी करू शकतं. तुमच्या मिस्टरांचा पगार महिन्याला २० हजार ८०० च्या वर गेला की वर्षाचे अडीच लाख होतात आणि शेतीतलं उत्पन्न तुमच्या वाट्याला येत असेल तर ते वेगळं, ते एकदा मिस्टरांकडून मोजून घ्या, अकाउंटला आहेत म्हणता.

आता तेल आणि सोयाबीन, कारण तुमच्या घरातल्या चार उत्तरांपैकी दोन या एकाच गोष्टीतून निघालीत आणि ते तुम्हाला आणि दिरांना दोघांनाही माहीत नाहीये बहुतेक.

तेलाचा डबा दिवाळीच्या आधी एकदम का चढला? १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली. कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावर सगळं धरून साडेपाच टक्के होती ती साडेसत्तावीस झाली, रिफाइंडवर पावणेचौदा होती ती पावणेछत्तीस. आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरूनच आणतो, त्यामुळे दुकानात लगेच चटका बसला. हे कशासाठी केलं तर सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा म्हणून. बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला मागणी येईल, भाव चढेल, असा हिशोब. म्हणजे तुम्ही लातूरमध्ये डब्याला जे जास्त पैसे मोजले ते खरं तर औशाला दिराच्या खिशात जायला पाहिजे होते. गेले का? ४१०० नी घातलं म्हणतात.

कारण सोयाबीनमध्ये तेल असतं अठरा-वीस टक्के, बाकी सगळी पेंड, आणि पेंडीला बाहेरच्या बाजारात भाव नाही, ब्राझील-अमेरिकेत पीक भरपूर. त्यामुळे ड्युटी वाढली, तेल चढलं, पण सोयाबीन हलायला तयार नाही. हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ होता क्विंटलला. हमीभावाने सरकार घेतं, पण त्याला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेलेल्या रानातला माल १२ टक्क्यांत बसतो होय? शेतकरी नोंदणी करतो, मेसेजची वाट बघतो, ट्रॅक्टर भाड्याने घेऊन केंद्रावर जातो, तिथं मूठभर दाणे मशिनमध्ये टाकतात, मॉइश्चर १६ दाखवतं आणि कट्टे तसेच परत. घरी वाळवत बसायला जागा नाही, मजुरांचे पैसे द्यायचेत, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचंय, मग मोंढ्यात नेऊन आडत्या जो भाव लावेल त्याला घालून पट्टी घेऊन यायचं. ही अट १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली कधी, तर १५ नोव्हेंबरला. मतदानाच्या पाच दिवस आधी! मला या तारखेचं फार कौतुक वाटतं. ज्याच्याकडे गोडाऊन आहे, थांबायची ऐपत आहे त्याला याचा फायदा होईल, तुमच्या दिराने तर घालून टाकलं.

आता जरा आकडेमोड करू, अंदाजाने. पाच एकरात पस्तीस क्विंटल झालं असं धरा. हमीभावापेक्षा ७९२ रुपये कमी मिळाले क्विंटलमागे, म्हणजे साधारण २७ हजार ७०० चा फटका. मिळालं काय? पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार. गेल्या वर्षीच्या सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी पाच हजार दिले, दोन हेक्टरपर्यंत, ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद, केलेली असेल तर दहा हजार. तुमच्या जाऊबाईंचे लाडक्या बहिणीचे ७५००. बेरीज २९ हजार ५००. म्हणजे जवळजवळ फिट्टंफाट! मी हे लिहायला बसले तेव्हा मला वाटलं होतं शेतकरी चांगलाच खड्ड्यात दिसेल, पण प्रामाणिकपणे मांडलं तर एवढ्या एका वर्षात तरी बरोबरी होतेय, आणि म्हणूनच दिरांच्या रागाचं सरकारवाल्यांना आश्चर्य वाटतं की एवढं देऊन हे नाराज कसे.

पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे तीच जमीन दीर बटईने दुसऱ्याची करत असते तर शेतीच्या नावाने आलेले बावीस हजार जमीनमालकाच्या खात्यात गेले असते आणि भावाचा तोटा मात्र राबणाऱ्याचा. दुसरं, ज्याची वीस एकर आहे त्याचा तोटा चौपट आणि मदत तेवढीच, आणि मालाला भाव मिळणं आणि खात्यात मदत येणं यात माणसाला जो फरक वाटतो तो वाटतोच, एक आपण पिकवलेल्याचे आणि दुसरे कुणाच्या तरी फोटोसकट आलेले. मला विचाराल तर मी भावाच्या बाजूची आहे. सोयाबीनला क्विंटलमागे सहा हजार देऊ, सात हजार देऊ अशी बोली आता दोन्हीकडून लागलीय, ऐकायला बरं वाटतं.

पण हे सगळं कुणाच्या हातात? आयात ड्युटी दिल्ली, हमीभाव दिल्ली, ओलाव्याची अट दिल्ली. २० तारखेला तुम्ही दिल्लीला मत देत नाही आहात. राज्याकडे काय येतं, तर खरेदी केंद्रं किती आणि कधी उघडली, बारदाना वेळेवर आला का, पैसे किती दिवसांत जमा झाले, बाजार समितीत काट्यावर लूट होते का. दिरांना सांगा राग बरोबर आहे, फक्त कुठला राग कुठल्या मतदानाला वापरायचा ते बघा. लोकसभेला कांद्यावाल्यांनी हे बरोबर केलं होतं, डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केंद्राने घातली आणि मे २०२४ च्या मतदानात दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्रीच पडल्या. एकट्या कांद्यानेच पडल्या असं नाही म्हणत मी, पण कांदा होताच.

तुम्ही म्हणाल वर आणि खाली एकाच युतीचं सरकार आहे, मग वेगळं काय करायचं? खरंय, आणि सत्ताधारी स्वतःच "डबल इंजिन" म्हणून मतं मागतात, त्यामुळे श्रेय दोन्ही इंजिनांचं असेल तर सोयाबीनचा जाब पण दोघांना विचारला तर त्यांनी रागावू नये. तरी आमदार निवडताना आधी आमदाराच्या कक्षेतलं बघावं असं माझं मत.

त्या कक्षेत तुमच्या मुलाचं येतं. तलाठी, पोलिस, शिक्षक, आरोग्य सेवक, जिल्हा परिषद, हे सगळं राज्याचं. २०२३ ची तलाठी भरती आठवत असेल त्याला, ४६४४ जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज, ओपनला हजार रुपये फी आणि राखीवला नऊशे. गुणिले करून बघा किती गोळा झाले ते. मला वाटतं या निवडणुकीत लाडक्या बहिणीपेक्षा जास्त मोठा प्रश्न हा आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातंय, कारण पंधराशे खात्यात टाकता येतात, नोकरी अशी टाकता येत नाही. रिकाम्या जागा दाखवायच्या, भरती काढायची, पेपर फुटायचा, कोर्टात जायचं, दोन वर्षं जातात, पोराचं वय वाढतं आणि लायब्ररीच्या खुर्चीचं भाडं चालूच. पेपरफुटीविरुद्धचा केंद्राचा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला, पण तो केंद्राच्या परीक्षांपुरता. तुमच्या भागात उमेदवार आला, किंवा त्याचा माणूस आला, तर बाकी काही विचारू नका, एवढंच विचारा की जाहिरात ते नेमणूक किती महिन्यात करणार आणि नाही झालं तर फी परत का. बघा चेहरा कसा होतो.

आणि पाणी. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगणार, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, कचरा, गटार, हे खरं महापालिकेचं काम, पण तुमच्याकडे २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, मुंबई-पुण्यात पण तेच. आणि प्रशासक नेमतं कोण, राज्य सरकार. त्यामुळे गटाराचा राग या वेळी तरी विधानसभेला काढायला हरकत नाही.

मिस्टरांच्या जीडीपीकडे येते. ते खोटं बोलत नाहीयेत. २०२३-२४ मध्ये देशाची वाढ, सरकारच्या मे २०२४ च्या अंदाजाने, ८.२ टक्के झाली, मोठ्या देशांत हा आकडा चांगलाच आहे. आणि तुम्ही पण खोटं बोलत नाही. ऑक्टोबरची महागाई परवाच जाहीर झाली, ६.२१ टक्के, खाण्यापिण्याच्या वस्तूंची १०.८७ आणि भाज्यांची तर ४२ टक्के. रिझर्व्ह बँकेचं टार्गेट ४ टक्क्यांचं आहे, फार तर ६ पर्यंत चालतं, त्याच्याही वर गेलंय. दोन्ही आकडे सरकारचेच आहेत बरं का, एक मिस्टरांनी उचलला आणि एक तुम्ही. जीडीपी म्हणजे सगळ्या देशाची मिळून बेरीज, त्यात तुमच्या घरात किती आलं हे लिहिलेलं नसतं. घरचं बघायचं तर मिस्टरांना विचारा तीन वर्षांत पगार किती वाढला आणि किराण्याची वही किती वाढली, दोन्ही त्यांच्याच हातात द्या, अकाउंटंट माणूस आहे, तासाभरात गप्प होतील किंवा तुम्हाला गप्प करतील, काय निघेल ते खरं. आणि एक, टीव्हीवर "महागाई कमी झाली" म्हणतात तेव्हा भाव उतरले असं नसतं, चढायचा वेग कमी झालेला असतो, चढलेले भाव तिथंच बसलेले असतात. यावरून आमच्याकडे पण दर महिन्याला वाद होतो.

आता आश्वासनं. सत्तेतली महायुती म्हणते महिन्याला २१००, विरोधातली महाविकास आघाडी म्हणते ३०००. शिवाय दोघांकडून कर्जमाफी, आघाडीकडून बायकांना बसप्रवास फुकट आणि बेरोजगारांना चार हजार, महायुतीकडून वीजबिलात ३० टक्के सूट आणि शेतकऱ्याला बाराऐवजी पंधरा हजार. सगळंच छान आहे. साधारण २ कोटी ३४ लाख बायकांना लाभ मिळालाय म्हणतात. १५०० नी वर्षाचे होतात ४२ हजार कोटी, २१०० नी ५९ हजार, ३००० नी ८४ हजार कोटी. राज्याचं वर्षाचं महसुली उत्पन्न बजेटमध्ये पाच लाख कोटींच्या जवळपास धरलंय, त्यातलं निम्म्याच्या वर पगार, पेन्शन आणि व्याजातच जातं, आणि डोक्यावर कर्ज ७ लाख ८२ हजार कोटींचं. म्हणजे तीन हजारवाल्यांनी जो उरलेला भाग आहे त्यातला फार मोठा तुकडा एकाच योजनेला द्यायचं ठरवलंय आणि एकवीसशेवाले पण काही फार मागे नाहीत.

मी अर्थतज्ज्ञ नाही, राज्य बुडेल वगैरे मला सांगता येत नाही, महाराष्ट्राची ऐपत मोठी आहे. पण पैसे कमी पडले की काय होतं ते आपण बघतो. योजना बंद करायची हिंमत कुणाची होत नाही, गुपचूप दुसरीकडे कात्री लागते. हॉस्टेलच्या मुलांचा निर्वाह भत्ता उशिरा, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपलेल्या, अंगणवाडीच्या ताईंचं मानधन थकलेलं, कंत्राटदाराचं बिल थकलं म्हणून अर्धवट रस्ता. याची जाहिरात होत नाही, मेसेज येत नाही. तुमच्या पंधराशेतले सातशे जर सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून मेडिकलमध्ये जात असतील तर वाढलेले सहाशे कुठं गेले? म्हणून देणाऱ्याला "कुठून देणार" हे विचारायचं, सत्तेत असलेल्यालाही आणि यायला निघालेल्यालाही. मला स्वतःला असं वाटतं की बायकांना पैसे द्यावेतच, पण रकमेची बोली लावण्यापेक्षा आहे ते वेळेवर, वर्षभर, निवडणूक नसताना सुद्धा येईल याची कुणी हमी दिली तर मी त्याचं जास्त ऐकेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेच्या आधी ॲडव्हान्समध्ये आले ना, मग पुढच्या वर्षी मे महिन्यात पण तेवढीच घाई दिसू दे.

मुलाच्या नोटाबद्दल. त्याच्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्या. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजार ५०० मतं पडली, चक्क दुसऱ्या नंबरची! काय झालं? काही नाही. विधानसभेला नोटा पहिल्या नंबरवर आली तरी तिच्या खालोखाल ज्याला जास्त मतं तोच आमदार होतो. राग दाखवायचा असेल तर त्याचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानेच २०१३ ला दिलाय, पण बटण दाबायच्या आधी त्याने सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं तरी वाचावीत, आयोगाच्या नो युवर कँडिडेट ॲपवर मिळतात, मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं असतं. मोठ्या पक्षांचे सोडून चार-पाच अपक्ष पण असतात, एखादा बरा निघेलही. आणि त्यातूनही कुणी नाही पटलं तर दाब बाबा नोटा, पण "सगळे सारखेच" हे न वाचता म्हणू नकोस, एवढं माझ्याकडून सांगा त्याला.

तुम्ही विचारलंय देशाचं चांगलं चाललंय का वाईट. याचं एक उत्तर माझ्याकडे नाही आणि तुम्हालाही ते काढायची गरज नाही, तुम्हाला फक्त पाच वर्षांसाठी एक आमदार निवडायचाय. गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्रात तीन मुख्यमंत्र्यांचे शपथविधी झाले, त्यातला एक तर पहाटेचा, दोन पक्ष फुटले, त्यामुळे सत्तेत कोण होतं आणि काम कुणी केलं नाही हे विचारलं तर दोन्हीकडचे लोक समोरच्याकडे बोट दाखवू शकतात. अशा वेळी पक्षापेक्षा माणसाकडे बघायला सोपं जातं. तुमच्या आमदाराने सभागृहात तुमच्या पाण्याचा विषय काढला होता का, तो फोन उचलतो का, दवाखान्याच्या कामासाठी कुणी गेलं तर हाकलतो का, हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं.

आता ता.क. चं. दोघांची मतं कॅन्सल होत नाहीत ताई, दोन्ही मोजली जातात, दोन वेगळ्या खात्यांत पडतात इतकंच. आणि हा युक्तिवाद नेहमी एकच जण करतो, त्याला स्वतःला रांगेत उभं राहायचा कंटाळा असतो! तुम्ही घरी बसलात आणि ते मात्र संध्याकाळी पाच वाजता मित्राबरोबर जाऊन आले तर काय करणार? मिस्टरांच्या कंपनीला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, कायदा आहे, "ऑफिस आहे" हे चालवून घेऊ नका. मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६, सहाच्या आत रांगेत असलात की मत देता येतं. वोटर कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, फोटोचं पासबुक चालतं, पण यादीत नाव पाहिजे, त्यामुळे आजच बघून ठेवा, १९५० वर फोन करा किंवा मुलाला ॲपवर बघायला लावा. कधी कधी एकाच घरातली नावं दोन वेगळ्या बूथवर जातात, तसं झालं असेल तर मिस्टरांची वाट बघत बसू नका, तुमच्या बूथवर तुम्ही जाऊन या. मोबाईल घरी ठेवा, आत नेऊ देत नाहीत. आणि बाहेर आल्यावर कुणाला दिलं म्हणून घरात कुणी विचारलंच तर सांगायचं बंधन तुमच्यावर नाही, मिस्टरांना पण नाही.